बाळाने आणलेला सुरण

मला झाला होता तो मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आमच्या नातेवाइकांत तो आठ महिने मूळव्याध म्हणून ओळखला जात होता. तसं सांगणारा मीच होतो.

हे लिहायला मला माझ्या धाकट्या भावाने बसवलं आहे. त्याला घरात सगळे बाळा म्हणतात. पंचेचाळीस वर्षांचा आहे, लालबागला वडिलांच्याच खोलीत राहतो, एसी दुरुस्तीची कामं करतो. "तुला तोंडाने बोलता येत नाही ना, मग लिही," म्हणाला. "आणि स्वतःला वाचवून लिहू नकोस." म्हणून प्रयत्न करतो.

मी दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. बाटल्यांवर लेबलं लावणं हे माझं तीस वर्षांचं काम. लेबल नसलेली बाटली बाजूला तरी ठेवता येते, चुकीच्या लेबलाची बाटली कुणीतरी विश्वासाने उघडतं, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत आलोय.

*

रक्त मला पहिल्यांदा दिसलं ते दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना. पाहिलं आणि फ्लश दाबला. तिखट खाणं झालं असेल, मूळव्याध असेल. म्हणजे ते लेबल मी आधी स्वतःलाच लावलं. चार महिने ते निघालं नाही. जूनमध्ये शाळेचा जिना चढताना दोन मजल्यांत तीनदा थांबलो, तेव्हा माझी बायको वृषाली मला जवळजवळ हाताला धरून गिरगावातल्या एका इस्पितळात घेऊन गेली. दुर्बीण टाकून तपासणी झाली, आतला तुकडा तपासायला गेला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उठून पंखा कमी केला. मला तेव्हाच कळलं. चांगली बातमी सांगायला कुणी पंखा कमी करत नाही.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "पण फार पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करू, मग केमो. वडील आहेत तुमचे?"

"नाहीत. एकोणपन्नासाव्या वर्षी गेले."

"कशाने?"

"पोटाने."

"पोटाचं काय?"

"तेव्हा कुणी नाव घेतलं नाही," मी म्हणालो.

"भावंडं?"

"एक भाऊ. चव्वेचाळीसचा."

"त्याची कोलोनोस्कोपी, म्हणजे हीच दुर्बिणीची तपासणी, करून घ्या. त्याला त्रास असो वा नसो. आणि लांबवू नका." त्यांनी ते वेगळ्या कागदावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्या हातात दिला. वृषालीच्या नाही, माझ्या.

बाहेर पडून आम्ही ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर एका हॉटेलात बसलो. दोन कॉफी मागवल्या. माझ्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. शेजारच्या टेबलावर दोन माणसं मेट्रोच्या स्टेशनबद्दल वाद घालत होती आणि मला वाटत होतं, यांना आज रात्री झोप लागेल.

"ऋचाला सांगायला लागेल," वृषाली म्हणाली. ऋचा आमची मुलगी, तेव्हा पंचवीस वर्षांची.

"तिला सांगू. बाकी कुणाला नाही."

"भावजींना?"

"बाळाला तर मुळीच नको. तो चाळीत एकाला सांगेल, संध्याकाळपर्यंत अख्ख्या लालबागला कळेल."

ऋचासाठी गिरगावातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, दोघं एकदोनदा भेटली होती. कॅन्सरवाल्या घरातली मुलगी म्हटल्यावर ती माणसं काय म्हणतील, असं मी वृषालीला म्हणालो. तिने माझ्या कॉफीत साखर घालून ढवळली. मी कॉफीत साखर घेत नाही.

ते कारण खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं पुढे सांगतो.

*

इस्पितळातला दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आधी झाडूचा आवाज, मग थर्मामीटर, मग चहाची गाडी, जी ऑपरेशनच्या पेशंटच्या पुढ्यातून न थांबता निघून जाते. साडेसातला डॉक्टरांची फेरी. फेरी येण्याआधी सगळा वॉर्ड आपापली चादर नीट करतो. मी पण करायचो. चादर नीट असली तर रिपोर्ट बरा येईल, असं काहीतरी डोक्यात असायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझी फक्त एकच भीती होती की मी भूल उतरताना काहीतरी बोलेन. मरणाची नव्हती असं नाही. पण ती इतकी मोठी होती की तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी या छोट्या भीतीकडे बघत बसलो.

बाळाला सांगितलं होतं, मूळव्याधीचं साधं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी येतो, भेटायला येऊ नकोस. तो तिसऱ्या दिवशी आलाच. वृषालीने त्याला बाहेर अडवून धरलं, पण तो आत घुसला, हातात स्टीलचा डबा.

"काय रे, बसता येतं का?" पहिलाच प्रश्न. शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसले. "दीपाने सुरण केलाय. भाजी गल्लीतून स्वतः आणला मी, मालवणी पद्धतीने केलाय, कोकम घालून. मूळव्याधीला याच्यासारखं दुसरं काही नाही. आई म्हणायची ना?"

"डॉक्टरांना विचारते हं, भावजी," वृषाली म्हणाली आणि डबा घेऊन बाहेर गेली. ती बराच वेळ आली नाही.

त्यानंतर मी घरी आल्यावर दर रविवारी बाळा सुरण आणायचा. कधी भाजी, कधी काप. समोर बसून मला खायला लावायचा. मी खायचो. चांगला करते दीपा. एकदा घास घशात अडकला तर त्याने पाठीवर हात फिरवला, म्हणाला, "हळू. पळून नाही चाललाय सुरण."

*

ऑगस्टपासून केमो. दर दुसऱ्या गुरुवारी, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खुर्ची. मला दिलेल्या औषधाने केस फारसे गेले नाहीत. नशीब, असं वृषाली आणि ऋचा म्हणायच्या. केस गेले असते तर खोटंही गेलं असतं.

त्या औषधाची एक गंमत होती. थंड काही चालायचं नाही. फ्रीजची बाटली हातात घेतली की बोटांत सुया टोचायच्या, गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळून येई आणि वाटे, आता श्वास येणारच नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओट्याला धरून उभा राहिलो आणि मला खरंच वाटलं, असा मरणार, स्वयंपाकघरात, हातात पेला घेऊन. ऋचाने मग फ्रीजच्या हँडलला माझा जुना मोजा चढवला. पाहुणे विचारायचे, हे काय. वृषाली सांगायची, हँडल तुटलंय.

माझ्यामुळे घरातली तिन्ही माणसं न अडखळता खोटं बोलायला शिकली होती.

डॉक्टरांनी दिलेला दोन रेघांचा कागद मी शाळेत नेऊन ठेवला होता, आम्लांच्या कपाटात, जिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला वृषालीने विचारलं, "भावजींना तपासणीचं सांगितलंत?"

"सांगतो."

पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, करतो."

"घाबरले असतील हो."

"घाबरला. पण तू विषय काढू नकोस त्याच्याकडे. दीपाला त्याने सांगितलेलं नाही."

बघा, किती नीट बांधलं होतं मी सगळं. कॅन्सर लपवला याबद्दल मला लोक माफ करतील, आमच्यात बरेच जण लपवतात. पण ही चार वाक्यं मी पूर्ण शुद्धीत बोललो, ताप नव्हता, औषधाची गुंगी नव्हती. त्या रात्री मला छान झोप लागली.

*

बारा केमो जानेवारीत संपले. स्कॅन स्वच्छ आला. फेब्रुवारीत वरळीला एका संस्थेने रविवारी सकाळी पदयात्रा ठेवली होती. बाहेरगावाहून उपचारासाठी आलेली माणसं परळला फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात, त्यांच्यासाठी खोल्या बांधायला निधी गोळा करायचा होता. घरच्या सगळ्यांनी मिळून चालायचं, अशी कल्पना. ऋचाने आम्हाला न विचारता पाच नावं दिली. आम्ही तिघं, बाळा आणि दीपा.

"काका-काकूला कशाला?" मी विचारलं.

"काका घरातला नाही?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

जांबोरी मैदानात साडेसहाला जमलो. टेबलावर पांढऱ्या कापडाचे चौकोन, मार्कर आणि सेफ्टी पिना ठेवलेल्या. टोपीवाल्या एक बाई सगळ्यांना सांगत होत्या, "कुणासाठी चालताय त्यांचं नाव लिहा आणि पाठीवर लावा. आपलं कुणी नसेल तर 'सर्वांसाठी' लिहा."

मी माझ्या लेबलांच्या अक्षरात 'सर्वांसाठी' लिहिलं. वृषालीने कोरं कापडच लावून घेतलं. ऋचाने कोपऱ्यात जाऊन काहीतरी लिहिलं, दीपाकडून पिना लावून घेतल्या आणि लगेच पाठीवर सॅक चढवली. दीपा माझ्याकडे बघून काही विचारणार होती, पण चला चला झालं आणि राहिलं.

बाळा मार्कर धरून उभा होता. "बाबांचं लिहू?"

"बाबांना कॅन्सर कुठे होता," मी म्हणालो.

"मग काय होतं? तू होतास ना तेव्हा इथे. मला तर मालवणला पाठवलेलं."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. आधीच बांधलेली होती. उठलो तेव्हा त्याने 'बाबांसाठी' लिहून टाकलं होतं.

*

माझ्या तळपायांना अजून नीट कळत नव्हतं. जाड चादरीवरून चालावं तसा तो रस्ता वाटत होता. बीडीडी चाळींच्या मधून निघून सी-फेसला आलो. वृषाली, दीपा आणि ऋचा पुढे, आम्ही दोघं मागे. एका मुलीने पाण्याची बाटली हातात दिली, बर्फातली. माझ्या हातून ती पडलीच.

"काय रे, करंट लागला?" बाळाने ती उचलली, झाकण उघडलं, अर्धी प्यायला. मग सहज म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं, दादा. माझं पण तुझ्यासारखंच झालंय."

"काय?"

"मूळव्याध. दिवाळीपासून. मधेमधे रक्त जातं. घराण्यातच आहे वाटतं आपल्या." तो हसला. "ऑपरेशन नको म्हटलं बाबा, तुझे हाल बघितलेत. सुरण चालू केलाय. चूर्ण घेतो रात्रीचं. दीपा डॉक्टर डॉक्टर करते. मी म्हटलं दादाला विचारतो आधी, तो अनुभवी माणूस."

तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दर रविवारी माझ्यासमोर बसणारा माणूस. गालांची हाडं वर आलेली. शर्ट खोचलेला होता आणि कमरेच्या पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं होतं, घरीच, खिळ्याने, वाकडं.

"वजन उतरलंय का तुझं?"

"दिवसाला वीस जिने चढतो टूलबॉक्स घेऊन. उतरणारच."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतो."

"लवकर दाखव."

"अरे हो. मूळव्याधच आहे, काय कॅन्सर नाही."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. समुद्र डाव्या हाताला होता, सूर्य टॉवरांच्या मागून वर येत होता, माझ्या तोंडात केमोच्या दिवसांतली ती धातूची चव परत आली होती. पुढच्या रविवारी मुलाकडची माणसं साखरपुड्याची तारीख ठरवायला आमच्याकडे येणार होती. मी मनात म्हणालो, एक आठवडा. आठ महिन्यांत एका आठवड्याने काय होतंय. रविवार होऊ दे, सोमवारी सकाळी मी स्वतः त्याला घेऊन जाईन.

आणि मी चालत राहिलो. किती वेळ ते मला माहीत आहे, कारण मी घड्याळात बघत होतो. अठरा मिनिटं. बाळा मला त्याच्या कुठल्याशा गिऱ्हाईक बाईची गोष्ट सांगत होता, जिने एसीत पाली शिरतात म्हणून एसीला पडदा शिवला होता. मी योग्य ठिकाणी हसतही होतो.

आमच्या घरी ही गोष्ट आता 'दादाने बाळाला सी-फेसवर सांगितलं' अशी सांगितली जाते. वृषाली माझी लाज राखते. पण मी सांगितलं नाही. मी पकडला गेलो.

*

चालणं कोळीवाड्याच्या बाजूला संपत होतं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास तिथपर्यंत येत होता. ऋचा म्हणाली, "कठड्यापाशी उभे राहा, फोटो काढू." ऊन चढलं होतं, तिला घाम आला होता, आणि तिने विचार न करता सॅक उतरवून खाली ठेवली.

बाळा तिच्या मागे उभा होता. त्याने मोठ्याने वाचलं, "पप्पांसाठी." मग हसत सुटला. "मूळव्याधीसाठी पण चालतात काय गं?"

दीपा वृषालीकडे बघत राहिली.

"असं काय करता, भावजी," वृषाली हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला माहितीये ना सगळं. तुमची तपासणी पण झाली असेल एव्हाना."

"कसली तपासणी?"

"ह्यांनी सांगितलंय ना तुम्हाला. ऑगस्टमध्ये."

"काय सांगितलंय?"

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिचा राग पाहिला आहे, रडणं पाहिलं आहे. तिला माझी भीती वाटलेली तेवढी एकदाच पाहिली.

मी म्हणालो, "मला कॅन्सर होता. आतड्याचा. डॉक्टरांनी तुला तपासून घ्यायला सांगितलं होतं."

"कधी?"

"जूनमध्ये."

बाळाने आवाज चढवला नाही. तो बोटांवर मोजत होता. जून, जुलै, ऑगस्ट. फेब्रुवारीपर्यंत आला आणि हात खाली केला.

"तू सुरण खाल्लास ना रे."

"खाल्ला."

"माझ्यासमोर बसून."

"हो."

आमची आई होती तोवर आम्ही घरात मालवणी बोलायचो. ती गेल्यापासून बाळा माझ्याशी कधी मालवणी बोलला नव्हता. तेव्हा बोलला. "माका कित्याक सांगूक नाय तू?"

माझ्या तोंडातून निघालं, "ऋचाचं लग्न..."

"त्याला मी जूनमध्येच सांगितलं होतं," ऋचा म्हणाली. तिच्या हातात मोबाईल तसाच फोटोसाठी धरलेला होता. "त्याच्या आईला पण माहितीये, पप्पा. त्या दर महिन्याला तुमची चौकशी करतात. तुम्ही मला कधी विचारलंतच नाही."

दीपाने बाळाचा दंड धरला होता. "रक्त जातंय ह्यांना," ती वृषालीला म्हणाली, माझ्याकडे पाठ करून. "तीन महिने. मी म्हणत होते." तिने रस्त्यावर जाऊन हात करून टॅक्सी थांबवली. रविवारी कोण डॉक्टर भेटणार, हे कुणी तिला म्हणालं नाही.

*

मंगळवारी त्याच इस्पितळात, त्याच टेबलासमोर सिस्टर केसपेपर भरत होत्या. नाव, वय, पत्ता.

"घरात कुणाला कॅन्सर झालाय?"

बाळा म्हणाला, "यांना विचारा." मला 'दादा' म्हणाला नाही.

मी म्हणालो, "मला. आणि आमच्या वडिलांना."

बाळाने मान वळवली.

उरलेलं अर्धं कारण हे. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, बाळा बारा. सरकारी इस्पितळातला कागद मीच आणला होता आणि त्यावर काय लिहिलंय ते मीच आईला वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस, बाळाला तर नाहीच. त्याला मालवणला आत्याकडे धाडलं. मग पाच महिने मी त्या लालबागच्या खोलीत वडिलांना पलंगावर आक्रसत जाताना पाहिलं. आई गेली, कागद गेला, तो शब्द माझ्याकडेच राहिला. मला स्वतःला झाला तेव्हा वाटलं, बाळाला सांगितलं की तो माझ्याकडे बघेल आणि त्याच्या नजरेत मला तो पलंग दिसेल. म्हणून डॉक्टरांशीही खोटं बोललो. मला माझं भय झाकायचं होतं. ऋचाच्या लग्नाचा नुसता पडदा होता.

तपासणी चालू असताना आम्ही चौघं बाहेर बाकावर होतो. आत गेलेला माणूस पाऊण तासात बाहेर येतो, हे मला माहीत होतं. सव्वा तास झाला. मी दाराच्या मुठीकडे बघत होतो. ती फिरू नये असं वाटत होतं आणि लगेच फिरावी असंही वाटत होतं. दीपा जपमाळ ओढत नव्हती, रडत नव्हती, नुसती हातातली त्याची चप्पल पिशवीत घालत होती, काढत होती.

डॉक्टर आले आणि मी आधी त्यांचा हात पाहिला. ते पंख्याच्या बटणाकडे गेले.

*

त्याचा माझ्यापेक्षा पुढे गेलेला निघाला. शेजारच्या गाठींतही होता. मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, जूनमध्ये तपासलं असतं तर?

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कदाचित इतकंच असतं. कदाचित नुसता कोंब असता, कॅन्सर व्हायच्या आधीचा, दुर्बिणीतूनच काढून टाकला असता."

हा 'कदाचित' घेऊन मी राहतो. सकाळी उठलो की तो आधी उठलेला असतो.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं, मग केमो. मला दिलेलंच औषध. आयुष्यभर लोकांची घरं गार करणारा माझा भाऊ आता लोकरीचे हातमोजे घातल्याशिवाय लोखंडाला हात लावू शकत नाही. गणपतीत लालबागला माणसांचा पूर असताना तो खिडकीत बसून होता, कानटोपी घालून. दीपा अजून माझ्याशी बोलत नाही. निरोप वृषालीकडे देते. पण केमोच्या दिवशी डबा माझाही पाठवते, आणि मी तिला काही म्हणायच्या लायकीचा नाही. गेल्या महिन्यात एकदा डब्यात सुरण होता. मी बराच वेळ झाकण उघडं ठेवून बसलो. बाळा म्हणाला, "खा. तुला आवडतो ना." त्यात टोमणा किती आणि माया किती, ते मला कळलं नाही. मी खाल्ला.

दर दुसऱ्या गुरुवारी मी शाळेतून सुट्टी घेऊन त्याच्याजवळ बसतो. खिडकीजवळची खुर्ची त्याला मिळते. सुई लागली की तो डोळे मिटतो आणि मला कामं सांगतो. मालवणच्या दोन चुलतभावांना फोन करायचं त्यानेच सांगितलं. "नाव घेऊन सांग," म्हणाला. मी तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर फोन लावला आणि म्हणालो, आपल्या घराण्यात आतड्याचा कॅन्सर आहे, बाबांना होता, मला होता, बाळाला आहे, तुम्ही तपासून घ्या. धाकटा म्हणाला, "माका ती मूळव्याध आसा." मी फोन मांडीवर ठेवला, बाळाने तो उचलला आणि तोच पुढे बोलला. तो चुलतभाऊ कणकवलीला जाऊन तपासून आला. त्याला खरोखरच मूळव्याध आहे. हे ऐकून आम्ही दोघं हसलो, आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा एकत्र.

तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असा कागद असेल तर तो आज काढा. माझ्याकडे याहून मोठा सल्ला नाही.

काल बाळाचा बारावा केमो झाला. पुढच्या गुरुवारी स्कॅन. औषध उतरत होतं, बाहेर ठाकूरद्वारच्या बाजूने गाड्यांचे हॉर्न येत होते. मी त्याचे हातमोजे मांडीवर घेऊन बसलो होतो. नेहमीसारखा मी गप्प राहू शकलो असतो.

"बाळा," मी म्हणालो, "मला गुरुवारची भीती वाटतेय. खूप."

त्याने डोळे उघडले नाहीत. हात पुढे केला, हातमोज्यासाठी. मी तो चढवला, एकेक बोट.

"हे तरी वेळेत सांगितलंस," तो म्हणाला.